कुलूप नसलेला खण

प्रिय टिटवे,

सगळ्यात आधी टपकली ती समोरची शिंपीण. दवाखान्याची पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच ही बया आपल्या दारात हजर. म्हणे, माझी कात्री तुमच्याकडे राहिलीय का हो? गेल्या वर्षी कधीतरी हरवलेली कात्री हिला मंगळवारी सकाळी साडेदहालाच कशी आठवली, ते तूच सांग. मी म्हटलं, बस गं, सापडेपर्यंत बस. तशी बसली ती चांगली दोन तास. उठली तेव्हा तिच्याच पिशवीतून कात्रीचे दोन कान बाहेर डोकावत होते. मी बघितलं, आणि तिनंही मी बघितलेलं बघितलं.

तिच्या मागोमाग आली खरी पाहुणी, ती उंच डॉक्टरीणबाई. इतकी उंच की आपल्या पुढच्या दारातून मान वाकवून आत आली. तिच्याबरोबर एक तोंड न उघडणारा गृहस्थ होता, हातात जाडजूड वही. त्याचं नाव मी वहीवाला ठेवलंय. टिटवे, खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला गं! या घरात जो येतो तो एकतर तुझ्या आजोबांकडे कुलूप घेऊन येतो नाहीतर तुझ्या आईशी बोलायला येतो. माझ्यासमोर खुर्ची ओढून, माझ्या डोळ्यांत बघून, दोन तास फक्त माझ्याबद्दल विचारणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. लग्न ठरवायला आले होते त्यांनीसुद्धा माझ्या बापालाच सगळं विचारलं होतं. मी चांगली साडी नेसले, चष्मा पुसला आणि बसले ऐटीत.

पण आनंद वेगळा आणि डोक्यातला किडा वेगळा. एवढ्या मोठ्या दवाखान्यातली माणसं उठून घरी का येतात? म्हाताऱ्या माणसाला बोलावणं धाडलं की ते आपसूक जातंच की रांगेत उभं राहायला. तुला सांगते, गेले दोन महिने या घरात काहीतरी शिजतंय, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. तुझी आई मला न मागता दुसरा कप चहा द्यायला लागली. तुझा बाप, जो कामावरून आल्यावर जेवायला वाढा एवढंच बोलतो, तो परवा माझ्या पायाशी बसून म्हणतो, आई, पाय दाबू का? मला खोकल्याची भीती वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली. सगळे सांगतात काय, तर छातीत जुना कफ धरलाय. मी पण हो हो म्हणते. अगं, दवाखान्यात मला नेलं त्या विभागाच्या दारावर हातभर अक्षरांत कॅन्सर असं लिहिलंय. चौथी शिकलेय मी, एवढी मोठी पाटी वाचता येते मला! तुझा बाप पाटीच्या बरोबर खाली उभा राहून मला सांगत होता की हा छातीचा विभाग. बिचारा. लहानपणी साखर खाऊन यायचा तेव्हाही ओठाला लागलेली पुसायचं त्याला सुचायचं नाही.

तुला तपशील हवा असेल. तू त्याच धंद्यातली, तेव्हा तुझ्यापाशी लाज नाही. आधी सुका खोकला, तीन-साडेतीन महिने. मग आवाज बसला, इतका की शिंपीण फोनवर मला तुझा बाप समजली आणि थकलेल्या शिलाईबद्दल बोलायला लागली. मग जिन्याच्या सहाव्या पायरीवर दम. मग एक दिवस रुमालावर तांबडी रेघ, सुईतला दोरा पडावा एवढीच. मी रुमाल धुऊन टाकला. पुढच्या आठवड्यात अंगठी बोटातून निसटून कणकेत गेली, तेव्हा मात्र तुझ्या आईनं मला ओढतच नेलं. त्या गोल यंत्रात झोपवलं. मी पडल्या पडल्या खालची चादर चाचपत होते, तिची शिवण उलटी होती आणि इस्त्री तर बघूच नकोस. मी लाँड्रीत कामाला होते तेव्हा अशी चादर तिथून बाहेरच पडली नसती. मग घशातून एक नळी घालून आतला मांसाचा तुकडा काढला. तेव्हा मला तुझीच आठवण आली. तू सांगितलं होतंस ना, की असा तुकडा तुमच्याकडे येतो, मग तुम्ही तो मेणात बसवता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापता, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलता आणि गुलाबी-जांभळा रंग देता. मी म्हटलं, माझा तुकडासुद्धा कुणाच्या तरी नातीच्या हातात पडू दे. तिनं नीट कापावा, फाटू नये.

तर ही डॉक्टरीणबाई अशा दोनशे माणसांची माहिती जमवतेय. कुणाला आधी खोकला आला, कुणाचा आवाज गेला, कुणाच्या पाठीत दुखलं, कुणाला काहीच झालं नाही आणि भलत्याच कारणानं काढलेल्या फोटोत सापडलं. आणि मग कुणाच्या तुकड्यात कुठली जात निघाली. कारण याच्यातही जाती असतात, हे तुला माहीत असणार, मला मंगळवारी कळलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर मला झाड काढून दाखवलं, उलटं, खोड वर आणि फांद्या खाली. म्हणाली, आजी, फुप्फुस असं असतं. एक जात होते ती टोकाला, पानांपाशी. ज्या बायकांनी जन्मात सिगरेट ओढली नाही त्यांना झालाच तर बहुतेक हा. दुसरी जात बहुतेक खोडापाशी, मोठ्या नळीजवळ. त्यातल्या पेशी फरशी बसवल्यासारख्या चपट्या दिसतात, आणि तो जास्त करून ओढणाऱ्यांचा. तिसरी जात बारीक दाण्यांसारख्या पेशींची, ती फार पळत सुटते, आणि तीही जवळजवळ ओढणाऱ्यांचीच. मग तिनं पेन्सिल खोडावर टेकवली आणि म्हणाली, आजी, तुमचा इथं आहे. फरशीवाला.

शिंपिणीचा कप तोंडापाशीच राहिला.

तेव्हा मला कळलं बाई घरी का आली ते. माझ्या कागदावर लिहिलं होतं की ही बाई ओढत नाही, आणि काच सांगत होती वेगळंच. दोघांत एकजण खोटं बोलतंय असं तिला वाटलं असणार, आणि काच काही खोटं बोलत नाही. म्हणून मग सुरू झाली चौकशी. चूल कशाची होती? कोळशाची किती वर्षं? खिडकी किती मोठी? लाँड्रीत बॉयलरच्या नळांना काय गुंडाळलेलं होतं, पांढरं, पुठ्ठ्यासारखं, भुगा पडणारं होतं का? वहीवाला भराभरा लिहीत होता. तिनं माझी बोटं हातात घेतली आणि नखाला नख टेकवून मधल्या फटीतून उजेड दिसतो का ते बघितलं. मी म्हटलं, कसलं भविष्य बघताय? तर हसली, म्हणाली, फुप्फुसाच्या दुखण्यात नखं फुगतात, पण बोटं सोडली नाहीत. उलटीपालटी करून बघत राहिली. मला ते मुळीच आवडलं नाही. आणि मग अगदी सहज, रोज दूध किती लागतं विचारावं तशी म्हणाली, आजी, तुम्ही स्वतः कधी ओढलीत?

मी तोंड उघडायच्या आत शिंपीण फिसकन हसली. तुझी आई म्हणाली, काहीतरीच काय डॉक्टर, आमच्या आईंना नुसता वास आला तरी त्या घर डोक्यावर घेतात. आणि तुझे आजोबा! ज्या माणसाला भाजी कुठली करू विचारलं तर उत्तर यायला पंधरा मिनिटं लागतात, तो माणूस खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, छे, हिनं कधी हातसुद्धा लावला नाही. मी ओढायचो. चाळीस वर्षं. हिच्या शेजारी बसून, दारं-खिडक्या लावून. वर्गात पोर हात वर करतं तसा हात वर केला होता गं त्यांनी. वहीवाल्यानं खूण केली. पेनाचा तेवढा आवाज झाला, टक्.

डॉक्टरीणबाई म्हणाली, दुसऱ्याच्या धुरानंही होऊ शकतं, पण ठामपणे सांगता येणार नाही. कधीच न ओढलेल्या बाईला ही जात म्हणजे क्वचित बघायला मिळते, मी तुमचं पान वेगळं ठेवणार आहे. तुकडाही आणखी एका तपासणीला पाठवते. आणि टिटवे, मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला लाज वाटतेय. मला बरं वाटलं. माझं पान वेगळं! मी मान ताठ केली.

पाहुणे गेले आणि तुझ्या बापानं तोंड उघडलं. तिची एवढी मोठी सावध वाक्यं, त्यातलं ठामपणे सांगता येणार नाही हे त्याच्या कानात शिरलंच नाही. बापाला म्हणाला, तुम्ही. तुम्हीच केलंत हे आईचं. मी लहान होतो तेव्हापासून सांगतोय खिडकी उघडा, खिडकी उघडा. तुझे आजोबा नुसते हो हो करत मान हलवत होते, जणू गिऱ्हाईक कुलपाबद्दल तक्रार करतंय. त्याच दिवशी संध्याकाळी तुझ्या बापानं त्यांची खाट उचलून पुढच्या दुकानात नेली. त्यांच्या जुन्या कपड्यांना वास आहे, आईच्या छातीला तो नको, म्हणे. बावन्न वर्षांत मी एकटी झोपले ती फक्त दोन बाळंतपणांत. आता ते तिथे कुलपांच्या ढिगात झोपतात आणि ताटही तिथेच नेतात. बापलेक बोलत नाहीत. तुझी आई मधल्या दारात उभी राहून दोन्हीकडे निरोप पोचवते. त्यांना सांगा आंघोळीचं पाणी तापलंय, यांना सांगा किल्ली सापडली. आज शुक्रवार. चौथा दिवस. तुझ्या आजोबांचा चष्मा माझ्या उशापाशी राहिलाय, आणि तोही मागायला ते आत आले नाहीत.

आता तुझ्याबद्दल बोलू. रागावू नकोस, पण मला तुझाही संशय येतोय. ती बाई जाता जाता मला विचारते, तुमची नात आमच्याच क्षेत्रात आहे ना? हिला कसं माहीत? तुझ्या बापानं सांगितलं असेल, तो सगळ्यांना सांगतो, भाजीवालीलासुद्धा सांगतो. पण तुझी-तिची कुठे गाठ पडलीय का? काही बोलली आहेस का तिच्याशी? कारण निघताना तिनं दारात माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, पुढच्या वेळी आपण दोघीच बसू. आणि बोलताना बघत होती कुठे, तर माझ्या अंबाड्यातल्या आकड्याकडे. जुना लोखंडी आकडा तो. त्याच्याकडे बघण्यासारखं कुणाला काय असणार?

तुला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते? तू पाच वर्षांची होतीस. दुपारी सगळे कामावर, तू झोपलीस असं समजून मी वर गेले होते. टाकीच्या मागून तुझा हा एवढासा चेहरा आला आणि तू विचारलंस, आजी, तुझ्या तोंडातून धूर का येतोय? मी म्हटलं, फार गरम चहा प्यायले ना, म्हणून. त्यानंतर कितीतरी दिवस तू गरम गरम चहा पिऊन आरशासमोर फू फू करत उभी राहायचीस. जीभ पोळून घेतलीस दोनदा. तुझ्या आईला कळेना की पोरीला हे काय खूळ लागलंय. मला कळत होतं. मी गप्प होते. मग एक दिवस, तू दहा-अकराची झाली असशील, तू मला चहा आणून दिलास, माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, आजी, हा फार गरम नाहीये. आणि हसलीस. बस, एवढंच. त्या दिवसापासून मला माहीत आहे की तुला माहीत आहे. आपण दोघी त्यावर परत कधी बोललो नाही.

तर आता बोलते. सुरुवात ऐक, कारण ती कुणालाच ठाऊक नाही. मी लाँड्रीत लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं आमच्याकडे यायचं. मी मोठ्या यंत्रावर उभी. वाफ अशी की भुवयांवरून पाणी गळायचं. आठ तास उभ्यानं, मध्ये जेवणाचा अर्धा तास, बाकी बसणं नाही. बसायला तिथे स्टूलच नव्हतं. पण ज्या बाया ओढायच्या त्यांना सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं मागच्या अंगणात जायला मिळायचं, कारण कपड्यांपाशी ठिणगी नको. नियमच होता तसा. न ओढणाऱ्यांना अंगण नाही. मी मुकादमबाईला विचारलं, मला नुसतंच दहा मिनिटं बाहेर बसू द्या की. तर म्हणाली, कशासाठी? हवा खायला? आणि सगळ्या खो खो हसल्या. माझे पाय तेव्हा सुजायचे, तुझा बाप पोटात होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या यंत्रावरच्या जाड्या बाईनं माझ्या हातात एक सिगरेट ठेवली आणि म्हणाली, पेटव आणि नुसती धर, ओढू नकोस, पण बस. त्या अंगणात एक मोडका बाक होता, भिंतीला टेकलेला. टिटवे, त्या बाकावर टेकले तेव्हा मला जे सुख झालं ना, ते मला पुढे कशात मिळालं नाही. आठ दिवस नुसती धरली. नवव्या दिवशी मुकादमबाई टक लावून बघत होती, म्हणून ओढली. मग काय. बसायला मिळावं म्हणून ओढायची, आणि पुढे ओढायला मिळावं म्हणून बसायची.

लाँड्री सुटली तरी ती दहा मिनिटं सुटली नाहीत. बोटं पिवळी पडू नयेत म्हणून मी ती आकड्यात धरायची. आता तुला कळलं ना, डॉक्टरीणबाई काय बघत होती? त्याचं टोक काळं पडलंय. वासाची काळजीच नव्हती, कारण घरात तुझे आजोबा होते. त्यांच्या धुराआड माझा धूर लपायचा. वर मी त्यांच्यावर ओरडायचे, घराचं गिरणीचं धुराडं केलंय म्हणायचे, खिडक्या आपटायचे. तुझा बाप जे खिडकी उघडा म्हणायला शिकला ते माझ्याकडून शिकला. आणि ओढायचे कुणाच्या? त्यांच्याच. पाकिटातून एक काढायची, कधी दोन. ते बिचारे पाकीट उघडून बघायचे आणि म्हणायचे, अगं, मी हल्ली फार ओढायला लागलोय. मी म्हणायचे, बघा, सांगतेय ना मी! केवढी पोहोचलेली होते मी.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी सोडली. आठवतं ना, महिनाभर त्यांनी सगळ्या घराला छळलं, किल्ल्या घासत बसायचे आणि लहान पोरासारखे चिडायचे. मला वाटलं, संपलं, आता माझंही सुटणार. पण तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात झाडायला गेले, तर त्यांच्या कामाच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडा. आत पाकीट. मी मनात म्हटलं, वा रे साधुपुरुष! आम्हाला सोडली म्हणून सांगता आणि खणात ठेवता होय. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, चोर पकडल्याचा. पण पकडून करते काय? विचारलं असतं तर तू खण कशाला उघडलास म्हणाले असते. म्हणून गप्प राहिले आणि एक काढून घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाकीट कधी रिकामं व्हायचं नाही. मला वाटायचं, किती ओढतो हा माणूस चोरून! मी त्यांचा शर्ट हुंगायचे, तोंडाजवळ तोंड न्यायचे, वास म्हणून यायचा नाही. मग वाटायचं, माझ्याहून पोहोचलेला आहे. आठ वर्षं मी त्या माणसावर संशय घेतला, टिटवे. सिगरेटही बदललेली होती. त्यांची जाड, कडक असायची. खणातली बारीक, सौम्य. मी म्हटलं, वय झालं, झेपत नसेल.

खोकला लागल्यापासून मी खणाकडे गेले नव्हते. पण काल दुपारी ते कुणाचं तरी दार उघडून द्यायला बाहेर गेले, तेव्हा मी दुकानात गेले. त्यांची खाट बघितली, घडी घातलेली चादर, इस्त्रीशिवाय. मग त्यांच्या टेबलासमोर बसले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. तुझ्या आजोबांना तू ओळखतेस. हा माणूस साखरेच्या डब्याला कुलूप लावतो. रेडिओच्या कपाटाला लावतो. रद्दीच्या पेटीला लावतो, म्हणतो सवय आहे. त्या टेबलाला सात खण आहेत, सहांना कुलूप, सहांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. आणि सातव्याला नाही. आठ वर्षांत कधीच नाही. जी एक गोष्ट लपवायची, तीच तेवढी उघडी ठेवेल का गं कुलूपवाला? मी खण ओढला. पाकीट नव्हतं. तिथे पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी होती, अर्धी सोललेली, पहिली गोळी वर काढून ठेवलेली, घे म्हणावं तशी. माझ्या आवाजासाठी. मी ती तोंडात टाकली आणि त्यांच्या खुर्चीत बसून राहिले. दहा मिनिटं तरी बसले असेन.

म्हणून हे पत्र. मंगळवारच्या त्या टक्-पासून मी स्वतःला सांगत होते की त्यांचा धूर होताच की, त्यातला थोडा मला लागला असेलच, मग त्यांनी थोडं ऐकून घेतलं तर काय बिघडलं. पण त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी ते हात वर करून उभे राहिले, माझी लाज राहावी म्हणून. आता मी राहू देणार नाही. डॉक्टरीणबाई परत येईल तेव्हा आम्ही दोघीच बसणार नाही, मी सगळ्यांना समोर बसवणार आहे, शिंपिणीलासुद्धा, कात्रीसकट. आणि म्हणणार आहे, बाई, माझं पान वेगळं ठेवू नका, ओढणाऱ्यांत घाला. ज्या बायकांनी खरंच कधी हात लावला नाही त्यांच्या ओळीत मी बसले तर तुमची वही खोटी पडेल. बाक, मुकादमबाई, आकडा, सगळं सांगणार. फक्त खणाचं सांगणार नाही. ते कळलं तर तुझा बाप पुन्हा त्यांच्यावरच घसरेल. तो खण आम्हा दोघांचा, आणि आता तुझा. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आणि तू ये. आदल्या दिवशीच ये. माझ्याजवळ बसू नकोस, मला येतं बोलता. तुझ्या आजोबांजवळ बस. मी बोलायला लागले की ते परत अर्धे उठतील आणि छे म्हणतील, तेव्हा तू त्यांचा हात खाली धरून ठेव. मग त्यांची खाट आत आणायला तुझ्या बापाला मदत कर. एका बाजूचा पाय सैल आहे, जपून उचला.

खोकला आहे तसाच आहे. काळजी करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

फार गरम चहा पिणारी,
तुझीच आजी

ता. क. पाहुणे येणार आहेत ते पुढच्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला.